तिच्या घरची वाट मोडू देऊ नकोस

पोरी, मैत्रीण शिकायला परगावी निघालीय आणि तुला तिच्याबरोबर एक दिवस काढायचाय, तर आधी तो दिवस नीट निवड. मैत्रीण निघायच्या आदला दिवस मागू नकोस, तो तिच्या घरच्यांचा असतो. त्या दिवशी मामा-मावश्या येतात, शेजारणी काहीबाही बांधून आणतात, बॅग भरली जाते आणि पुन्हा उपसली जाते, आईला लेकीकडे डोळे भरून बघायला रात्रच काय ती उरते. अशा गर्दीत तू गेलीस तर नुसती दाराशी उभी राहशील. त्याच्या दोन-तीन दिवस आधीचा दिवस घे. आणि घाई कर. हल्ली यादीत नाव आलं की कॉलेजात हजर व्हायला मोजके दिवस मिळतात. पुढच्या फेरीचं बघू, मग ठरवू, असं म्हणत बसलात तर एक दिवस सकाळी कळेल की ती निघाली.

तो दिवस तिच्याकडे मागू नकोस, तिच्या अम्मीकडे माग. घरी जा, चहा घे आणि सरळ म्हण, ‘खाला, परवा हिला माझ्याबरोबर सोडा. तुमची बाहेरची कामं आम्ही दोघी उरकून आणतो.’ कुठं जाणार, कोणाबरोबर, किती वाजता परत, सगळं आपणहून सांग. मगरीबच्या अजानच्या आत घरी येऊ म्हणालात तर त्याच्या आधी पाऊल घरात पाहिजे. लेक परगावी पाठवायची म्हणून त्या माउलीचा जीव आधीच टांगणीला लागलाय. तिच्या मनात तुझ्याविषयी त्या दिवशी जो भरवसा बसेल, तो तुला पुढं लागणार आहे. कसा, ते सांगते.

ही माझी अक्कल नाही, माझ्या आजीची आहे. निजामाच्या राज्यात आपल्या पाथरीच्या पोराला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागायचं. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं होतं आणि तिथं शिकवणं उर्दूतून चालायचं. माझ्या आजोबांचा जिवाभावाचा दोस्त तिकडं निघाला, तेव्हा निघण्याआधीचा एक दिवस या दोघांनी एकत्र काढला. आजी सांगायची, की ते कुठं हिंडायला गेले नाहीत. दोस्तानं आजोबांना आपलं घर दाखवलं. रोज ज्या घरात जाणं-येणं होतं, तेच घर. पण त्या दिवशी त्यानं सांगितलं, की ज्वारी कोणत्या पेवात आहे, सावकाराचं किती द्यायचं राहिलंय, म्हातारीला दम्याचं औषध कोण देतो, गड्याला सालाचे किती ठरलेत. १९४८च्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत हैदराबादचं पत्र येईना, तेव्हा आजोबा रोज दिवेलागणीला त्या म्हातारीपाशी जाऊन बसायचे. तिचा लेक सुखरूप आहे हे कळेपर्यंत त्यांनी तो नेम मोडला नाही. आजी म्हणायची, जाणारा जातो, त्याच्या घरची वाट मागं राहणाऱ्यानं मोडू द्यायची नाही.

माझ्यावर ती वेळ १९७२ साली आली. दुष्काळाचं साल. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची. माझी मैत्रीण पास झाली, मीही झाले. तिला औरंगाबादला कॉलेजात घालायचं ठरलं, माझं लग्न ठरत होतं. मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ औरंगाबादेत १९५८ला झालं म्हणून ती हैदराबादऐवजी तिकडं गेली, एवढाच काय तो फरक. १९७२च्याच मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ निघालं, पण पोरींनी शेतकी शिकावी असं आमच्या घरांत कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पाऊस नव्हता. बायका खडी फोडायला जात होत्या. रेशनला लाल मिलो मिळायचा आणि त्याची भाकरी तव्यावरच मोडायची. आम्ही दोघींनी तिचा शेवटून तिसरा दिवस तिच्या आईच्या स्वयंपाकघरात काढला. माईंना, म्हणजे तिच्या आईला, वाचता येत नव्हतं. मैत्रिणीनं मला जवळ बसवून सांगितलं, ‘मी दर पंधरा दिवसांनी पत्र टाकीन. वाचून दाखवायचं तू, आणि उत्तरही तूच लिहायचं. दादाला सांगू नकोस, तो अर्धंच वाचतो.’

माझं सासर गावातच होतं म्हणून निभावलं. मी पत्र वाचायचे, माई चुलीपुढं बसून ऐकायच्या. एखादी ओळ पुन्हा वाचायला लावायच्या. मग सांगायच्या, ‘लिही, गाय गाभण आहे. लिही, आजी बरी आहे.’ आजी बरी नसली तरी असंच. मी तेवढं लिहायचे आणि खाली माझं म्हणून वेगळं लिहायचे, की आजीला ताप आहे, पण आम्ही बघतोय, तू परीक्षा दे. ती पदवीधर होऊन शिक्षिका झाली. आज आमच्यात जी माया आहे ती शाळेतल्या बाकावरची कमी आणि त्या पत्रांतली जास्त आहे. म्हणून सांगते, त्या दिवसाचा अर्धा भाग तिच्या घरासाठी ठेव.

त्या अर्ध्या दिवसात काय बघायचं? तिच्या दादींच्या बीपीच्या गोळ्या कोणत्या दुकानातून येतात आणि महिन्याच्या कितव्या तारखेला संपतात. चिठ्ठी कुठं ठेवलेली असते. गॅसचा नंबर कोणत्या मोबाइलवरून लावतात. लाइटबिल कोण भरतं. धाकट्या भावाचा अभ्यास आजवर तिनंच घेतला, तर त्याचं गणित आता कुठं अडतंय. खालांना व्हिडिओ कॉल लावता येतो का? येत नसेल तर तिनं नाही, तू शिकव, आणि तिच्यासमोर शिकव. कारण पुढं अडलं की त्या तुलाच हाक मारणार. मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवू नकोस. ते काम तिच्या अब्बांनी करावं, आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे मात्र घरातल्या प्रत्येकाला तू आणि तिनं मिळून सांगा. लेक बाहेरगावी आहे हे हेरून ‘तुमच्या मुलीचा अपघात झालाय, पैसे पाठवा’ असे फोन करणारे लोक आहेत. असा फोन आला तर पैसे पाठवण्याआधी लेकीला, ती उचलत नसेल तर वसतिगृहाच्या रेक्टर बाईंना फोन करायचा. रेक्टर बाईंचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव.

हे सगळं वहीत टिपून घ्यायला लाजू नकोस.

आता बाहेरची कामं. ती दोघींनी मिळूनच करा, कारण रांगेत उभं राहून जेवढं बोलणं होतं तेवढं हॉटेलात बसून होत नाही. एकमेकींकडं तोंड करून बसलं की बोलायला विषय शोधावा लागतो. शेजारी उभं राहून झेरॉक्स निघायची वाट बघताना मनातलं आपोआप बाहेर येतं. पहिलं काम कागदांचं: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, जातीचा दाखला आणि वैधता, डोमिसाइल, प्रवेशाचं पत्र, आधार. मूळ कागद एका फायलीत, आणि झेरॉक्सचे तीन संच वेगवेगळ्या पाकिटांत. एक तिच्या बॅगेत, एक खालांच्या कपाटात, एक तुझ्याकडं. तुझ्याकडचा कशाला? कारण कधीतरी ऐन दुपारी तिचा फोन येईल, की अमुक कागदाचा फोटो आत्ता पाठव, आणि तेव्हा अब्बा कामावर असतील, खाला लग्नाला गेलेल्या असतील.

तहसीलला आणि सेतू केंद्रात जायचं तर सकाळी उघडताच जा. दुपारी सर्व्हर बंद पडला की आख्खा दिवस गेला. बँकेत तिच्या खात्याला आधार जोडलंय का हे बघूनच या, महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यातच येते. आणि तिला फीची एक गोष्ट नीट समजावून सांग, कारण पुष्कळ घरांत ती अजून पोचलेली नाही. ८ जुलै २०२४ला शासनानं निर्णय काढला. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश शासनाच्या प्रवेश फेरीतून झाला असेल, तर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. राहण्या-जेवणाचा खर्च त्यात येत नाही, हेही सांग. आणि अर्ज दर वर्षी महाडीबीटीच्या पोर्टलवर नव्यानं भरावा लागतो. पहिल्या वर्षी भरला आणि दुसऱ्या वर्षी विसरली असं झालं तर बापाच्या डोक्यावर फी पडते, आणि मग घरात कुणीतरी म्हणतं, बास झालं शिक्षण. ते म्हणायला कुणाला कारण मिळू नये. पोरींचं शिक्षण हुशारी कमी पडली म्हणून सुटलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. कागद कमी पडला म्हणून सुटलेलं बऱ्याचदा पाहिलंय.

त्या दिवशी जेवण दोन्ही घरी थोडं थोडं करा. सकाळी त्यांच्याकडं खिचडी आणि खट्टा होईल, तो खा. दुपारी आपल्याकडं मी धपाटे करते, दही लावून ठेवीन. तिला सुशीला आवडतो, तो तिला स्वतःच्या हातानं करायला लाव. मुरमुरे भिजवून पिळायचे, फोडणीत कांदा, मिरची, शेंगदाणे, वरून डाळ्याची पूड. खोलीवर कधी उपाशी राहायची वेळ आली तर दहा मिनिटांत पोट भरतं. बरोबर न्यायला मी दशम्या करून देईन. पीठ पाण्याऐवजी दुधात मळलं की त्या मऊ राहतात, पण पावसाळी हवेत दोन दिवसांच्या वर ठेवायच्या नाहीत, हे सांग. पोरी डबा कपाटात ठेवतात आणि आठव्या दिवशी उघडतात. चटणी शेंगदाण्याची आणि काराळ्याची देऊ. दोन्ही चांगल्या खमंग भाजून पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरायच्या, नाहीतर आत वाफ धरते आणि बुरशी येते. लसूण घातलेली चटणी वेगळ्या बरणीत. खोलीतल्या सगळ्यांना तो वास चालतोच असं नाही, आणि पहिल्या आठवड्यात त्यावरून कुरबूर नको.

संध्याकाळी कुठंतरी जावंसं वाटणारच. साई जन्मस्थान मंदिरात जा, आत शांत बसायला मिळतं आणि तिथं कुणी कुणाचा धर्म विचारत नाही. गोदावरी बघायची असेल तर माजलगावच्या रस्त्याला ढालेगावचा बंधारा आहे, मुदगलचा घाट आहे. पण हे पावसाचे दिवस आहेत. पैठणला नाथसागरातून पाणी सोडलं की आपल्याकडं ऊन असतानाही पात्र चढतं. मुदगलेश्वराचं देऊळ पात्रातच आहे, त्याला पाण्यानं वेढलेलं मी कितीदा पाहिलंय. म्हणून निघण्याआधी तिकडच्या कुणाला तरी फोन करून विचारा. घाटाच्या वरच्या पायरीवरून बघा. बंधाऱ्याच्या दारांजवळ फोटोसाठी जायचं नाही म्हणजे नाही. आणि दोघीच जाऊ नका, तुझ्या काकाला रिक्षा घेऊन यायला सांगते. तो लांब बसून राहील, तुमच्या बोलण्यात पडणार नाही.

बोलणं काय करायचं, हे शिकवायची गरज नाही. पण काही बोलणी टाळायची असतात. तिच्याकडून वचनं घेऊ नकोस. रोज फोन कर, मला विसरू नकोस, तिथं दुसरी जिवलग करू नकोस, असलं काही नाही. तिला तिथं नवी मैत्रीण लागणारच. ताप आला तर रात्री गोळी आणून देणारी मुलगी खोलीतलीच असेल, तू नसशील. उलट तूच सांग, पहिल्या पंधरा दिवसांत कुणाशी तरी ओळख कर आणि मला तिचं नाव कळव. फोन कधी करायचा ते ठरवून घ्या. रविवारी सकाळी, असं एकच. ठरलेला एक फोन टिकतो, रोजचे दहा महिनाभरात बंद पडतात. आणि भेट कधी, तेही आत्ताच ठरवा. ईदला आणि दिवाळीला ती येईल. सुट्टीत ती आली की पहिला दिवस घरच्यांचा, दुसरा तुझा.

तुझा नंबर लागला नाही, याचं तुला वाईट वाटतंय. मला दिसतं ते. तू हसतेस, तिची बॅग भरतेस आणि रात्री उशीत तोंड खुपसतेस. ते तिच्यापासून लपवू नकोस. त्या दिवशी एकदा सरळ सांग, ‘मला तुझ्याबरोबर यायचं होतं.’ तिलाही ठाऊक आहे, पण तू बोलली नाहीस तर ती तुझ्यासमोर आपला आनंद दाबून धरील, आणि पुढं फोनवर कॉलेजातलं काही सांगायला कचरेल. एकदा बोलून झालं की दोघींना मोकळं होता येतं. मग तिथंच थांब, तोच सूर पुन्हा पुन्हा लावू नकोस. ती निघायच्या आधी इथल्या कॉलेजचा तुझा बी.एस्सी.चा फॉर्म भरून टाक, आणि फॉर्म भरायला तिला बरोबर ने. तिची कामं तू केलीस, तुझ्या एका कामाला तीही यावी.

देणं-घेणं मिटव. तिची पुस्तकं तुझ्याकडं असतील, ती परत दे किंवा ठेवू का म्हणून विचार. तिला दिलेले पैसे असतील तर मागू नकोस, तिच्याकडून घेतलेले असतील तर त्याच दिवशी दे. भेटवस्तू म्हणून फोटोची चौकट, टेडी असलं वजनाचं काही घेऊ नकोस. ते बसमध्ये कोंबता येत नाही आणि वसतिगृहाच्या कपाटात मावत नाही. चांगलं पितळी कुलूप घे, दोन किल्ल्यांचं. एक किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात, दुसरी बॅगेच्या आतल्या कप्प्यात. जोडीला सुई-दोरा, सेफ्टी पिना, छोटी बॅटरी आणि एक कागद. त्या कागदावर तुझ्या हातानं नंबर लिही, अब्बांचा, खालांचा, मामूंचा, तुझा, माझा. मोबाइल चोरीला गेला की पोरींना आईचासुद्धा नंबर पाठ नसतो.

निघण्याच्या दिवशी स्टँडवर जायचं की नाही, हे खालांना विचार. अब्बा सोडायला संभाजीनगरपर्यंत जाणार असतील आणि घरची मंडळी निरोपाला असतील, तर दारातूनच निरोप घे. मानवत रोडहून रेल्वेनं जाणार असतील तर पहाटेची धावपळ असेल, तेव्हाही दारातूनच. पण खाला ‘चल’ म्हणाल्या तर मात्र जा, आणि परत येताना त्यांच्या शेजारी बस. रडल्या तर रडू दे. ‘येईल की दिवाळीला’ असलं काही लगेच बोलू नकोस. घरी पोचल्यावर चहा तू ठेव. साखर कुठं आहे ते तुला ठाऊक असेल.

पुढचे दोन दिवस त्यांच्याकडं जाऊ नकोस, नातेवाईक असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घर रिकामं वाटायला लागतं, तेव्हा जा. हातात काहीतरी घेऊन जा, मेथीची जुडी, लिंबं, काहीही, म्हणजे येण्याला निमित्त होतं. ‘काही काम आहे का’ असं विचारलंस तर त्या ‘नाही बेटा’ म्हणतील. विचारू नकोस. दादींच्या गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन किती उरल्यात ते बघ, धाकट्याची वही उघड आणि बस.